भेगेच्या टोकाशी

रिमोटच्या गाडीची बॉडी मधोमध क्वचितच फुटते. ती फुटते चाकाच्या कमानीवर, बंपरच्या कोपऱ्यात, नाहीतर बॉडी ज्या खुंट्यांवर बसते त्यांच्या भोकांशी. भाच्याच्या गाडीला पुढच्या डाव्या कमानीपासून बॉनेटकडे चारेक सेंटिमीटरची भेग गेली होती. बदलापुरातल्या सोनिवलीत नव्या इमारतींमधले डांबरी तुकडे गाडी पळवायला झकास, पण कडेचे पेव्हर ब्लॉक कोणाची गय करत नाहीत.

"मामा, फेवीक्विक लावू?"

हा प्रश्न घरोघरी पहिला येतो आणि बॉडीचं खरं नुकसान तिथून सुरू होतं. ही बॉडी पॉलिकार्बोनेटची. 1953 साली जर्मनीत बायर कंपनीतल्या हर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांनी हे प्लास्टिक वेगवेगळं शोधलं. अमेरिकन कंपनीने त्याला दिलेलं लेक्झान हे नाव गाडीवाल्यांच्या तोंडी बसलं आहे. हेल्मेटची काच, मोटारीच्या हेडलाइटचं झाकण, वीस लिटरचे पाण्याचे कितीतरी जार याचेच. गाडीसाठी एक मिलिमीटरच्या आतबाहेरचा पत्रा तापवून साच्यावर ओढून घेतात, कडा कात्रीने कापतात आणि रंग आतल्या बाजूने मारतात. बाहेरून कितीही घासलं तरी रंग जात नाही तो त्यामुळे.

या पत्र्याची सगळी कमाई त्याच्या वाकण्यात आहे. धडक बसली की तो दबतो आणि परत जागेवर येतो. फेवीक्विक सुकून काचेसारखं कडक होतं. मग शेजारचा पत्रा वाकतो, सांधा वाकत नाही आणि नवी भेग सांध्याच्या काठानेच निघते. शिवाय ते हवेतल्या दमटपणावर घट्ट होतं. जुलैतल्या बदलापुरात त्याला दमटपणाची काय कमी? त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढुरका थर धरतो, तो वेगळाच.

म्हणून आधी भेग थांबवायची, सांधायची नंतर. भेगेचं टोक नुसतं बघून सापडत नाही. बॉडी उजेडाकडे धरून हलकेच वाकवली की डोळ्याला भेग जिथे संपलेली वाटत होती त्याच्या थोडं पुढे एक चमकती रेघ उमटते. खरं टोक ते. तिथे दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं. मशीन नको, ड्रिलचं पातं चिमटीत धरून बोटांनी फिरवलं तरी पत्रा मुकाट्याने कापला जातो. तापवलेली सुई खुपसणारे लोक मी पाहिलेत, पण वितळलेल्या प्लास्टिकची कड ओबडधोबड राहते आणि खाच तर आपल्याला नकोच आहे.

भोक पाडून बॉडी मजबूत कशी होईल, हे भाच्याला पटेना. केंब्रिजचे चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 साली जहाजं बांधणाऱ्यांपुढे याचं गणित मांडलं होतं. टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण तिथे गोळा होतो. आमच्या भेगेचं टोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकं तीक्ष्ण धरलं, तर ढोबळ हिशेबाने तिथला ताण सव्वाशे पटींवर जातो. दोन मिलिमीटरच्या गोल भोकाने तो चौदा पटींच्या आसपास उतरतो. कागदावर आकडे मांडून दाखवल्यावर पोरगं गप्प झालं आणि भोक त्यानेच पाडलं.

आता ठिगळ. भांड्यांच्या साबणाने आतली बाजू धुऊन पूर्ण कोरडी केली. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावायचा नाही. ताणाखालचं पॉलिकार्बोनेट त्यांच्या स्पर्शाने बारीक बारीक तडकतं. बाहेरून भेगेच्या दोन्ही कडा जुळवून चिकटपट्टी लावली. आतला रंग भेगेलगत बोटभर रुंदीत बारीक पॉलिश पेपरने उतरवला, कारण रंगावर चिकटवलेलं ठिगळ शेवटी फक्त रंगालाच धरून राहतं.

ठिगळाला लागणाऱ्या दोन्ही वस्तू हॉबीच्या दुकानात शोधायची गरज नाही. फॉल्स सीलिंगवाले जिप्सम बोर्डाच्या सांध्यावर लावतात ती काचतंतूंची जाळीदार पट्टी. इमारती उठताहेत तिथे ती मागितली तर हातभर कोणीही देतो. आणि बुटाचे तळवे जोडायचा, सुकल्यावर रबरासारखा राहणारा गोंद. त्यातही द्रावक असतो, तेव्हा बॉडी कापताना उरलेल्या तुकड्यावर आधी लावून, तुकडा वाकवून पाहणं शहाणपणाचं. पातळ थर, त्यावर जाळी, जाळीवर दुसरा पातळ थर, आणि पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबणं. ओल्या बोटाला गोंद चिकटत नाही. जाळी भोकाच्याही पुढे गेली पाहिजे. मग रात्रभर खिडकीशी ठेवून द्यायचं; पावसाळ्यात आणखी एक दिवस.

हे सगळं पॉलिकार्बोनेटचं झालं. खेळण्यांच्या दुकानातल्या टणक बॉड्या बऱ्याचदा एबीएसच्या असतात आणि ते नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने विरघळून जोडता येतं. आत त्रिकोणात 5 आकडा दिसला, तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला कुठलाच साधा गोंद धरत नाही, तिथे वेळ घालवू नये.

ठिगळ बाहेरून अंधुक दिसतं, जाळीच्या चौकड्यांसकट. भाच्याला तेच आवडलं. मी मात्र उरलेल्या तीन कमानी तपासल्या. कात्री जिथे थांबून पुन्हा चालली होती तिथे प्रत्येकीवर बारीक खाच होती. पेव्हर ब्लॉक निमित्त होता; भेग बॉडी कापली त्या दिवशीच सुरू झाली होती. खाचा पॉलिश पेपरने गोलावून घेतल्या, खुंट्यांच्या भोकांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या बसवल्या आणि उरलेली जाळी बंपरच्या कोपऱ्यांत आतून लावून टाकली.