दगडातले पान आणि झाडावरचे पान

पेरूची एक डहाळी हातात घ्या. पानं नीट पाहा. दोन-दोन पाने समोरासमोर आहेत. आता आंब्याची डहाळी घ्या. इथे जोडी नाही. एक पान खाली, दुसरे जरा वर, तिसरे आणखी वर, निराळ्याच बाजूला. फळ नसले तरी एवढ्यावरून झाडांतला फरक कळतो.

असाच फरक दगडातल्या पानांतही दिसतो. तळ्याच्या गाळात पाने पडतात. त्यांवर गाळाचे थर बसतात. फार फार वर्षांनी गाळाचा दगड होतो आणि त्यात पानाचा ठसा राहतो. ओल्या सारवणावर कोंबडीचा पाय उमटतो ना, तसाच. या ठशाला जीवाश्म म्हणतात.

शिगेरू मिकी हे जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ असे ठसे तपासत असत. काही ठसे अमेरिकेतल्या सेक्वोया नावाच्या उंच झाडाचे आहेत, अशी समजूत होती. पान तसेच, अरुंद आणि चपटे. एकटे पान पाहिले तर कुणीही फसेल! पण मिकींनी सारी डहाळी पाहिली. सेक्वोयाची पाने आंब्यासारखी, एकाआड एक. दगडातली मात्र पेरूसारखी, समोरासमोर. हे झाडच वेगळे, असे त्यांनी 1941 साली सांगितले. त्याला नाव दिले मेटासेक्वोया. हे झाड केव्हाच नष्ट झाले असावे, असे वाटत होते.

पण चीनमध्ये मोदाओ या खेड्यात ते जिवंत उभे होते! गावकरी त्याला शुइशा म्हणत. बुंध्याशी एक लहानसे देऊळही होते. त्या भागातून आणलेल्या डहाळ्या आणि फळे 1946 साली हू श्येन-सू या चिनी शास्त्रज्ञांनी मिकींच्या वर्णनाशी ताडून पाहिली. खूण पटली. पाने समोरासमोर!

जिवंत झाड मिळाल्यावर आणखी एक गोष्ट उलगडली. सेक्वोया बारा महिने हिरवा असतो. हे झाड मात्र हिवाळ्यात उघडे पडते. आणि त्याची पाने सुटी गळत नाहीत, बारीक काडीसकट गळतात. म्हणून तर गाळात पानांच्या जोड्या तशाच शाबूत राहिल्या आणि मिकींना त्या दिसल्या.

1948 साली त्याचे बी अमेरिकेत पोचले आणि तिथून देशोदेशी वाटले गेले. आज कितीतरी देशांच्या बागांत ही झाडं उभी आहेत.