योगसाधनेत स्तोत्रपठणाचे स्थान

योगवर्गात आसनांच्या आरंभी ॐकार व संस्कृत श्लोक म्हणण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. जैन कुटुंबांतील मुलेही ते श्रद्धेने म्हणतात. मात्र घरात रोज होणाऱ्या भक्तामरपठणाचा योगाशी काही संबंध आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते. जैन आचार्यांनी तर शब्दोच्चाराला योगाचे स्वतंत्र अंग मानले आहे.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरींचा ‘योगविंशिका’ हा अवघ्या वीस गाथांचा प्राकृत ग्रंथ आहे. त्यात योगाचे पाच प्रकार सांगितले आहेत : स्थान, ऊर्ण, अर्थ, आलंबन आणि अनालंबन. स्थान म्हणजे पद्मासन, कायोत्सर्ग यांसारखी शरीराची स्थिर अवस्था. ऊर्ण म्हणजे क्रियेत उच्चारले जाणारे सूत्राचे वर्ण. अर्थ म्हणजे त्या वर्णांच्या आशयाचे चिंतन. आलंबनात चित्त जिनप्रतिमेसारख्या आधारावर स्थिर होते, तर अनालंबनात तो आधारही उरत नाही. पहिले दोन कर्मयोग, पुढील तीन ज्ञानयोग.

ऊर्णयोगाचा शरीराशी असलेला संबंध श्वासातून प्रकट होतो. श्रीमानतुंगाचार्यांचे भक्तामर स्तोत्र वसंततिलका वृत्तात आहे; प्रत्येक चरणात 14 अक्षरे. दीर्घ-ऱ्हस्व सांभाळून एका श्वासाला एक चरण म्हटला, तर उच्छ्वास आपोआप लांबतो. 48 श्लोकांचे 192 चरण होतात. मिनिटाला सहा श्वास धरले, तर पूर्ण पाठास 32 मिनिटे लागतात. दुकान उघडण्याच्या घाईत याहून पुष्कळ कमी वेळात पाठ उरकला जातो, तेव्हा श्वासाचा हा लाभ हातून निसटतो.

आधुनिक संशोधनही या लाभाला दुजोरा देते. लुचियानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 23 निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मंत्रजपाने त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि रक्तदाबाचे नियमन करणारी शरीराची यंत्रणा अधिक सजग झाली. परंतु ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना लॅटिनमध्ये म्हटल्यानेही हाच परिणाम दिसला. म्हणजे शरीराला मिळणारा विसावा हा केवळ संस्कृत शब्दांचा गुण नव्हे. स्तोत्राचे वेगळेपण त्याच्या अर्थात आणि म्हणणाऱ्याच्या भावात आहे.

ॐकाराचेच उदाहरण घ्यावे. जैन परंपरेत अरिहंत, अशरीरी म्हणजे सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि मुनी यांच्या आद्याक्षरांच्या संधीतून ॐ सिद्ध होतो. हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी योगवर्गातील तो एक ध्वनी पंचपरमेष्ठींचे वंदन ठरतो.

भावाविषयी हरिभद्रसूरींनी ‘योगबिंदू’त अधिक कठोर कसोटी लावली आहे. इहलोकीच्या लाभासाठी केलेले अनुष्ठान त्यांनी ‘विष’ म्हटले, परलोकीच्या सुखासाठी केलेले ‘गर’, म्हणजे सावकाश भिनणारे विष. मन नसता यंत्रवत् केलेले ते ‘अननुष्ठान’. पेढीची भरभराट व्हावी म्हणून स्तोत्र म्हणणाऱ्या व्यापारी कुटुंबांनी हा इशारा विशेष लक्षात घ्यावा. जे कषाय मंद करण्यासाठी आहे, त्यानेच लोभ वाढला तर साधनेचे मूळ भांडवलच गमावले जाते.

यावर उपाय घरातच आहे. नित्याचा पाठ सुरू ठेवून आठवड्यातून एक दिवस केवळ चार श्लोक निवडावेत. स्थिर आसनात बसून ज्येष्ठांनी एकेक चरण स्पष्ट म्हणावा, मुलांनी त्याच श्वासगतीने त्यामागे म्हणावा, आणि शेवटी सर्वांनी मिळून त्याचा मराठी अर्थ वाचावा. मग काही क्षण मौन राखून जिनेश्वरांचे स्मरण करावे. स्थान, ऊर्ण, अर्थ आणि आलंबन या चारही योगांचा अभ्यास एवढ्यात घडतो.