सोड्यांचं पाणी, जिताड्याची कातडी

गेल्या आठवड्यात रव्यात घोळवलेल्या तुकडीचं पाहिलं. या भागात रवा नाही, वाटण नाही. तव्यावर भाजलेला मासा, सोबत भाज्या आणि खाली पातळ, स्वच्छ रस्सा. जपानपासून थायलंडपर्यंत अशा पातळ रश्शांच्या कितीतरी तऱ्हा आहेत. विठ्ठलवाडीत राहून तो करायचा तर बाहेरून काहीही मागवावं लागत नाही.

मासा घ्यावा जिताडा. आपल्या खाड्यांतला आणि रायगडच्या खारेपाटातल्या तळ्यांतला हा मासा थायलंड-सिंगापुरातही आवडीने खातात. कोळणीला सांगा, ‘मावशी, खवले काढा पण कातडी ठेवा. मधला काटा काढून दोन्ही बाजू वेगळ्या करा, आणि डोकं-काटाही द्या.’

रश्शाचा खरा जीव सोड्यांत, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीत आहे. मूठभर सोडे धुऊन एक लिटर पाण्यात अर्धा तास भिजवायचे. त्याच पाण्यात माशाचं डोकं, काटा, आल्याचे काप, ठेचलेला लसूण, एक टोमॅटो आणि गवती चहाच्या चार पाती घालून मंद आचेवर वीस मिनिटं ठेवायचं. खळाखळा उकळू द्यायचं नाही, रस्सा गढूळ होतो. गवती चहा आपण चहापुरताच ठेवतो, हे मला नेहमी खटकतं. आग्नेय आशियात त्याच जातीचं गवत रश्शात पडतं आणि माशाचा वास हलका करतं.

या रश्शाला चव येते कुठून? १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट वेगळं काढलं. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. टोमॅटोत पहिलं असतं, माशाच्या डोक्यात दुसरं. म्हणून मसाल्याविना हा रस्सा फिका लागत नाही. रस्सा गाळल्यावर चव बघूनच मीठ घाला, सोडे मुळात खारट असतात.

भाज्यांचं फार नाही. गाजर, फरसबी, थोडी अळंबी, आणि कमळकाकडीच्या पातळ चकत्या. विठ्ठलवाडी स्टेशनच्या एका बाजूला उल्हासनगर असल्यामुळे कमळकाकडी आपल्याला सहज मिळते. सिंधी घरांतली ही लाडकी भाजी जपानी रश्शातही असते. आधी तिला गाळलेल्या रश्शात दहा मिनिटं शिजू द्या, बाकीच्या भाज्या शेवटी तीन-चार मिनिटं.

आता तवा. सगळं इथेच जमतं किंवा बिघडतं. तुकड्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी फडक्याने टिपा, कातडीची बाजू तर दोनदा टिपा. कातडी ओली असेल तर तव्याची आच ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते. पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशांवर जात नाही, आणि खरपूस तांबूस रंग यायला साधारण एकशे चाळीस लागतात. बिडाचा तवा चांगला तापवा, दोन चमचे तेल घाला, कातडी खाली करून तुकडा ठेवा. ती आकसून तुकडा वाकायला लागतो, तेव्हा उलथन्याने हलकेच दाबून धरा, मोजून दहा सेकंद. मग हात लावू नका. चार-पाच मिनिटांत मांस कडेने खालून वर पांढरं होत जातं. खालची कातडी खरपूस झाली की तुकडा आपणहून सुटतो. चिकटलेला वाटला तर अजून वेळ द्या. उलटून मिनिटभर, की झालं.

कालवणात मासा रश्शातच शिजतो, दोघांची चव एक होते. इथे दोघांची गाठ ताटलीतच पडू द्यावी. खोलगट ताटलीत भाज्या, मग रस्सा, वर कातडीची बाजू ठेवून तुकडा, आणि लिंबू. रस्सा कातडीवरून ओतू नका, सगळा कुरकुरीतपणा क्षणात जाईल.

गाळणीत उरलेले सोडे टाकायचे नाहीत. कांद्यात परता, वांग्याच्या फोडी घाला, दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर खा. त्या सोड्यांविषयी, ते कसे सुकवतात आणि चांगले कसे ओळखायचे, पुढच्या भागात.