वरचं हेड, खालचं हेड

नव्या ड्रम सेटवर पहिली स्टिक पडते आणि आवाज येतो बद्द. मग दोष लाकडाला दिला जातो. मेपल घ्यायला हवं होतं, बर्च तरी घ्यायचं, हे पॉप्लर कशाला आणलं! लाकडाने फरक पडतो, पण तो बराच नंतरचा. ड्रमच्या आवाजातला मोठा वाटा त्यावर ताणलेल्या हेडचा असतो, आणि ते किती नि कसं ताणलंय याचा. बेताच्या किमतीचा सेट, नवी हेड्स आणि एका संध्याकाळची सबुरी एवढ्यावर असा आवाज काढता येतो, की न लावलेला महागडा सेट त्याच्यापुढे फिका पडावा. तरीही ड्रमच्या शिकवणीत पॅराडिडलसारखा हातांचा सराव पहिल्या महिन्यात येतो आणि हेड ताणायची चावी, ड्रम की, वर्षभर हातात दिली जात नाही. याची मला खंत वाटते.

पूर्वी ही सबुरी कुणाला शिकवावी लागत नसे. हेड वासराच्या कातड्याचं असे आणि हवेतला ओलावा ते क्षणात शोषून घेई. हलगीवाले वाजवण्याआधी हलगी शेकतात, त्याचं कारण हेच. 1930च्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजू लागलं तेव्हाही ड्रमवर कातडंच होतं. मुंबईच्या पावसाळ्यात ते सैल पडे आणि ड्रमरला दर थोड्या वेळाने चावी फिरवावी लागे. 1957 साली कॅलिफोर्नियात रेमो बेली यांनी मायलार या पॉलिएस्टर फिल्मच्या हेडची कंपनी काढली आणि हेडला नाव दिलं ‘वेदर किंग’. हवामानाची सत्ता खरोखरच संपली. पण रोज ड्रमकडे कान लावायची सवयही त्याबरोबर सुटत गेली.

तबला स्वरात लावतात, तसा ड्रम स्वरात लावता येतो का? त्याचं उत्तर सी. व्ही. रामन यांनी शोधलं होतं. 1920 साली शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं, की पुडीवरच्या शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात, म्हणून कानाला स्पष्ट स्वर मिळतो. ड्रमचं हेड सगळीकडे सारख्या जाडीचं. त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या साधारण 1.59, 2.14, 2.30 पट अशा आडनिड्या जागी पडतात. तेव्हा ड्रम षड्जाला मिळवण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. या उपस्वरांचा गोंगाट होऊ द्यायचा नाही, त्यांची एक भरीव गुंज करायची, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

त्यासाठी जुनं हेड काढून शेलची कड कोरड्या फडक्याने पुसायची. या कडेवरच हेड टेकतं. तिथे कचरा किंवा खाच असेल तर पुढची मेहनत वाया जाते. नवं हेड ठेवायचं, वर हूप, आणि सगळे टेन्शन रॉड आधी नुसत्या बोटांनी आवळायचे. मग चावी. गाडीच्या चाकाचे नट आवळताना जसे समोरासमोरचे घेतात, तसंच इथे: एक रॉड अर्धा फेरा, मग त्याच्या समोरचा. हेडवरच्या सुरकुत्या गेल्या की तळहाताने मध्यभागी दाबून ते कडेवर नीट बसवायचं.

खरं काम यानंतरचं. ड्रम सतरंजीवर ठेवायचा, म्हणजे खालचं हेड गप्प राहतं. एक बोट हेडच्या मध्यावर हलकेच टेकवून प्रत्येक रॉडपाशी, कडेपासून इंचभर आत, स्टिकने टिचकी मारायची. तबलजी हातोडी घेऊन घराघराला जे ऐकतो, तेच इथे ऐकायचं. एक जागा उतरलेली वाटली तर लगेच तिथलाच रॉड आवळू नये. पुष्कळदा समोरचा सैल असतो. एखादी जागा चढली असेल तर हव्या स्वराच्या खाली उतरवून पुन्हा वर यावं, नाहीतर रॉड धरून राहत नाही. सहा-आठ ठिकाणी एकच स्वर आला, की बोट उचलून मधोमध एक ठोका द्यायचा. मघाचा तोच ड्रम आता लांबवर गुंजतो. हा बदल पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा मला फार आवडतो.

मग ड्रम उलटा करून खालचं हेड. स्टिक त्याला कधीच लागत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. आणि निम्मा आवाज तर तिथेच ठरतो. दोन्ही हेड एका स्वरात असली तर गुंज सर्वांत लांब टिकते. खालचं थोडं चढं ठेवलं तर ती लवकर आवरते आणि ठोक्याला नेमकेपणा येतो. टॉमसाठी मला हेच रुचतं. दोन टॉममध्ये षड्ज-मध्यमाचं अंतर ठेवलं तर रोल उतरत येताना कानाला गोड लागतो. स्नेअरचा न्याय वेगळा. त्याचं खालचं हेड जेमतेम 75 मायक्रॉनचं, वरच्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, आणि ते कडक ताणावं लागतं, तरच त्याला टेकलेल्या स्नेअरच्या तारा हलक्या ठोक्यालाही उत्तर देतात. तारा मात्र फार आवळू नयेत. ड्रमचा गळा आवळला जातो. टॉम वाजवताना स्नेअर आपोआप कुरकुरत असेल, तर दोघांचे स्वर जवळ आलेत असं समजून टॉम जरासा हलवावा.

गुंज नकोशी झाली की चिकटपट्टी, जेल, रुमाल हेडवर येतात. याला मोठी परंपरा आहे. रिंगो स्टारच्या ड्रमवर टी-टॉवेल पसरलेले असत आणि 1966 साली ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी त्याच्या बेस ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला होता. पुढे काहींनी टॉमची खालची हेड्सच काढून टाकली. 1981च्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये फिल कॉलिन्सचे टॉम तसेच आहेत. हे आवाज सुंदर आहेत, कारण ते कानाने निवडलेले आहेत. न लावलेल्या ड्रमचं व्यंग लपवायला लावलेली पट्टी मला पटत नाही.

दुसऱ्या टोकाला ड्रमर जॉन बॉनम. त्याचा बेस ड्रम 26 इंची, हेड चढी, आवाज मोकळा सोडलेला. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या दालनात त्याचा सेट मांडला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी वर जिन्यात दोन माइक लावले. 1971चा तो आवाज पुढे कित्येक रेकॉर्डांनी उचलला. ड्रमरच्या स्टुलावरून ऐकताना अशा सेटची गुंज अती वाटते. गिटार आणि बेस सुरू झाले की त्यातली बरीचशी त्यांच्याखाली दबते, आणि आधीच दाबून टाकलेल्या ड्रमचा तेव्हा नुसता टकटकाट उरतो. म्हणून पट्टीला हात लावण्याआधी स्टिक दुसऱ्याच्या हाती द्यावी, बँडला वाजवायला सांगावं आणि हॉलच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन ऐकावं.