हवेंतील पाणी आणि पाणबुड्याचा श्वास

परीक्षानळींत लोखंडाचा ओला कीस घालून ती पाण्यांत उपडी ठेविली असतां कांहीं दिवसांनीं नळींत पाणी सुमारें एकपंचमांश चढतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत पाहिलेंच आहे. गंजणारें लोखंड आंतील प्राणवायु शोषून घेतें. हाच प्रयोग पाणबुड्याच्या पाठीवरील पोलादी नळकांड्यांत नकळत घडला तर काय होईल, हें आम्ही येथें सांगणार आहों.

इ. स. १९४३ मध्यें फ्रान्स देशांत कूस्तो व गान्यां यांनीं दाबलेल्या हवेवर पाण्याखालीं श्वास घेण्याचें साधन सिद्ध केलें. अशाच साधनांनीं आज मालवणच्या समुद्रांतही लोक बुडी मारितात. १२ लिटरच्या नळकांड्यांत वातावरणाच्या २०० पट दाबानें सुमारें २,४०० लिटर हवा मावते. किनाऱ्यावरील दमट हवेंत, ३० अंश उष्णतेस, एवढ्या हवेबरोबर सुमारें ५८ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें येतें. ओला पंचा पिळावा तसें दाबलेल्या हवेंतून तें बाहेर पडतें. म्हणून हवा भरण्याच्या यंत्रांत प्रत्येक टप्प्यास हवा निववून सांचलेलें पाणी काढून टाकितात, आणि शेवटीं ती ओलावा शोषणाऱ्या द्रव्यांतून नेतात. पाणी सोडण्यांत किंवा तें द्रव्य बदलण्यांत हयगय झाली, कीं ओलावा नळकांड्यांत शिरलाच!

झडपेच्या तोंडाशीं राहिलेला समुद्राच्या पाण्याचा थेंबही हवेच्या जोरानें आंत जातो. आणि खारें पाणी गंजास फारच अनुकूल. अॅल्युमिनियमवर तांबडा गंज चढत नाहीं खरा, परंतु खाऱ्या पाण्यानें त्यासही खड्डे पडतात.

खरें भय पुढेंच आहे. भरलेलें पोलादी नळकांडें महिनेच्या महिने पडून राहिलें, तर गंज आंतील प्राणवायु खात राहतो. दाबमापकाचा कांटा मात्र फारसा उतरत नाहीं. आपणांस गुदमरल्यासारखें वाटतें तें मुख्यत्वें कर्बाम्ल वायु सांचल्यामुळें, प्राणवायु उणा झाल्यामुळें नव्हे. त्यामुळें पाणबुड्यास कांहींच सूचना न मिळतां त्याची शुद्ध हरपते.

उपाय साधेच आहेत. झडप व भरण्याची नळी जोडण्यापूर्वीं दोहोंतून थोडी हवा सोडून पाणी उडवून द्यावें. नळकांडें कधींही पुरतें रितें करूं नये. थोडा दाब राहिला म्हणजे समुद्राचें पाणी आंत येत नाहीं. दरवर्षीं तें उघडून आंतून पाहावें, आणि फार दिवसांची हवा सोडून नवी भरावी.

हीं कामें किनाऱ्यावर, कोणी पाहत नसतां करावयाचीं असतात. परंतु दुसऱ्याचा प्राण त्यांवर अवलंबून असतो. लहान कामांतील विश्वासूपणा तो हाच, असें आम्हांस वाटतें.