दुर्बिणीची बैठक आणि आपला अक्षांश

आरसा कितीही उत्तम घासला, तरी बैठक डगमगली की चंद्र थरथरतो. मग बैठक कोणती घ्यावी? विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. त्याचा क्षितिजाशी होणारा कोन म्हणजेच आपला अक्षांश. लंडनला तो सुमारे ५१.५ अंश, तर अमरावती-अकोल्याला जेमतेम २१ अंश. अक्ष इतका खाली झुकवला, की प्रतिभाराचा दांडा तिवईच्या उत्तरेकडील पायाला अडू शकतो. अशा वेळी एक पाय दक्षिणेला व दोन उत्तरेला ठेवावेत; दांड्याला मधून वाट मिळते.

शाळेसाठी मात्र आपण डॉब्सन पद्धतीची प्लायवूडची पेटी सुचवू. तिला अक्षांशाची अडचण नाही. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते, म्हणून नळी अधूनमधून हाताने सरकवावी लागते. विद्यार्थ्यांना पृथ्वीचे फिरणे त्या सरकवण्यातच जाणवते.