मधुमेहाची जखम, ‘स्टेम सेल’ आणि एक जुनं प्लास्टर

दहिसर पूर्वेच्या केतकीपाड्याची चढण उतरायची, स्टेशन गाठायचं, पूल चढायचा, लोकलमध्ये तासभर उभं राहायचं आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. अनेक वर्षांच्या मधुमेहाने ज्याच्या तळव्यांची जाणीव गेली आहे, त्याला या वाटेवर चपलेत शिरलेला खडा कळत नाही. घरी आल्यावर मोज्याला डाग दिसतो तेव्हा जखम झाल्याचं समजतं, आणि दुखत नाही म्हणून ती तशीच राहते. पहिला गैरसमज हाच. न दुखणारी जखम किरकोळ असते असं नव्हे. नसा बधिर झाल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ती चिघळते, ‘बोट काढावं लागेल’ हे शब्द कानावर येतात, आणि नेमक्या त्या घाबरलेल्या घटकेला कुणीतरी पीआरपी, ग्रोथ फॅक्टर, स्टेम सेल अशी नावं सुचवतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत. ही घटका किती घरांत येत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

ही तिन्ही नावं एकाच उपचाराची आहेत असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पीआरपीमध्ये रुग्णाच्या दंडातून रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा थर वेगळा करतात आणि तो जखमेवर लावतात. प्लेटलेटमध्ये केंद्रकच नसतं, त्यामुळे तिची नवी त्वचा होणं शक्य नाही. ती फक्त दुरुस्तीचे रासायनिक निरोप सोडते. ग्रोथ फॅक्टरचं जेल म्हणजे असाच एक निरोप, प्रयोगशाळेत तयार केलेला. जिवंत मूलपेशी असतात त्या फक्त तिसऱ्या प्रकारात. आता, यांचा उपयोग होतो का? होतो, पण बेताचा. अमेरिकेत 1997 साली मान्यता मिळालेल्या बेकाप्लर्मिन जेलच्या मोठ्या चाचणीत 20 आठवड्यांत 50 टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, औषध नसलेलं जेल लावलेल्यांच्या 35 टक्के. रुग्णाच्याच रक्तापासून केलेल्या ल्युकोपॅच या चकतीची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हे आकडे 34 आणि 22 टक्के होते. म्हणजे शंभरातल्या बारा-पंधरा जणांना जास्तीचा लाभ. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारू नये. पण बेकाप्लर्मिनच्या चाचणीत जे 50 बरे झाले, त्यांतले 35 तरी चांगल्या नेहमीच्या उपचारानेही बरे झाले असते, हेही तोच आकडा सांगतो. शिवाय याच जेलच्या एका चाचणीत, ज्या केंद्रांनी जखमेभोवतीचे घट्टे आणि मेलेली कातडी कमी वेळा कापून काढली, तिथे जखमा कमी भरल्या. जेल तेच असूनही.

मग जखम अडते कशामुळे? बहुतेक वेळा तीन गोष्टींमुळे : पायात रक्त पुरेसं पोचत नाही, आत जंतुसंसर्ग असतो, आणि माणूस त्याच जखमेवर दिवसभर चालतो. तिसरं कारण सगळ्यांत साधं, म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित. पायाच्या आकाराला घट्ट बसणारं प्लास्टर गुडघ्याखालपर्यंत घातलं की भार तळव्यावर सगळीकडे वाटला जातो आणि जखमेवरचा दाब उतरतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत अशा प्लास्टरने 12 आठवड्यांत सुमारे 90 टक्के जखमा भरल्या. काढता-घालता येणाऱ्या बुटाने 65 टक्के. फरक का पडला, ते पुढच्या एका अभ्यासात दिसलं : काढता येणारा बूट रुग्णांनी आपल्या एकूण चालण्याच्या जेमतेम 28 टक्के वेळ घातला होता. प्लास्टर काढता येत नाही, हाच त्याचा गुण. आणि ही युक्ती परकी नाही. 1930च्या दशकात भारतात कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांच्या जखमांवर ती वापरली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी तिचा पाठपुरावा केला आणि पुढे तीच ते अमेरिकेत घेऊन गेले.

यावर कुणी म्हणेल, की हे आकडे शेजारी ठेवणं बरोबर नाही. ल्युकोपॅचच्या चाचणीत मुद्दाम हट्टी जखमाच निवडल्या होत्या. आक्षेप रास्त आहे. प्लास्टर जिंकलं आणि पेशी हरल्या, असा निष्कर्ष मी काढत नाही. म्हणणं एवढंच, की आधीचं काम केलेलं नसताना नंतरचं करण्यात अर्थ नाही. दुसरी अडचण जास्त खरी आहे : हातावर पोट असलेल्याने प्लास्टर घालून घरी बसायचं कसं? प्लास्टरमध्ये थोडंफार चालता येतं, पण विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरता येत नाही, हे मान्यच करायला हवं. अशा वेळी जाड फेल्टची गादी आणि मऊ एमसीआर रबराची चप्पल हा कमी ताकदीचा, पण करण्याजोगा पर्याय उरतो. रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा संसर्ग खोलवर गेला असेल, तर प्लास्टर घालायचंच नसतं. तिथे आधी रक्तवाहिनीचे डॉक्टर आणि शस्त्रक्रिया. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्र निम्म्यावर आलं नाही, तर ती एरवीच्या उपचाराने भरण्याची शक्यता खूप कमी, असं 2003 सालच्या एका अभ्यासात आढळलं. नव्या उपचाराचा विचार करायची वेळ ती. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाची 2023ची शिफारसही याच धाटणीची आहे : ग्रोथ फॅक्टर आणि पीआरपी सरसकट वापरू नयेत, ल्युकोपॅचसारख्या चकतीचा विचार नेहमीचे उत्तम उपचार थकल्यावर करावा.

‘आपल्याच शरीरातलं आहे, मग अपाय कसला?’ असंही म्हटलं जातं. अपाय गेलेल्या आठवड्यांचा असतो. हाडापर्यंत पू पोचलेला असताना वर चकती लावून थांबलं, तर पाय जाऊ शकतो. आणि स्टेम सेलच्या नावाने तर नियमही स्पष्ट आहेत. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी वापर हे संशोधन आहे. पुढे 2020 मध्ये बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या उत्पादनाला औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. पण ती रक्तपुरवठा गंभीरपणे खुंटलेल्या पायांसाठी, मधुमेहाच्या प्रत्येक जखमेसाठी नव्हे. संशोधन असेल तर रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत आणि चाचणीची सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद असावी लागते. तेव्हा घरातल्या कुणाच्या पायासाठी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं गेलं, तर मान्यतेचा कागद किंवा सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा, आणि पायातला रक्तपुरवठा तपासला का, हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत संमतिपत्रावर सही करू नका.